निरोगी नमुना

३ मार्च
आईनं संधिवाताच्या इंजेक्शनला पुन्हा नकार दिला. डॉक्टरांसमोर शहाण्यासारखी मान डोलावली आणि गाडीत बसल्यावर म्हणते, "माझं काय आता, झालं सगळं." गुडघा टम्म फुगलाय, बोटं वाकडी झालीत, तरी माझा डबा तीच भरणार. झाकण तेवढं मी लावायचं – असा आमचा करार!

५ मार्च
प्रयोगशाळेत मी काय करते ते आज तिला नीट सांगितलं. सांध्याच्या अस्तरातल्या पेशींची वेळ भरली की त्यांना मरणाचा निरोप जातो. तो नेणारे रेणू असतात. संधिवातात त्यांना वाटेतच धरून ठेवणारे दुसरे रेणू मोकाट सुटतात – पोस्टमनला फाटकातच अडवावं तसे. निरोप पोचत नाही, पेशी मरत नाहीत, साचत जातात. म्हणून सूज.

तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे माझ्या पेशी माझ्यावरच गेल्यात. जागच्या हलायच्या नाहीत."

हसून हसून पुरेवाट! इतकी लाडकी वाटली! पण इंजेक्शन? नाहीच.

९ मार्च
आज रक्तातले ते अडवणारे रेणू मोजायला लावले. पेशंटांच्या शेजारी तुलनेला निरोगी माणसाचं रक्त लागतं. आमच्याकडे ते घरचंच – ज्याचा हात मोकळा त्याचं. माझ्या जोडीला काम करणाऱ्या आमच्या लांबूला सुई पाहूनच घेरी येते, म्हणून दरवेळी मीच.

१० मार्च
माझा आकडा पेशंटांच्या ओळीत! नळ्यांची अदलाबदल, दुसरं काय. लांबूला नको नको ते बोलले. त्यानं उलट माझ्यासाठी चहा आणला.

११ मार्च
पुन्हा केलं. नळीवर खूण मी स्वतः केली. तोच आकडा.

लांबूची माफी मागितली. त्यानं हळूच विचारलं, हल्ली पिपेट डाव्या हातानं का धरतेस? मी म्हटलं, सकाळी उजवा अंगठा आखडतो, काम जास्त झालंय. बोलले आणि आठवलं – आईचंही असंच सुरू झालं होतं.

१६ मार्च
एका आकड्यावरून काही ठरत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. तरी परवा आईच्याच डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी बोटं दाबून पाहिली, रीतसर तपासण्या केल्या. आज निकाल आला. तोच आजार. लवकर सापडला म्हणाले. इंजेक्शनही तेच.

घाबरले. एवढी मोठी झाले तरी पहिली आईच हवीशी वाटली. पण तिला सांगायचं नाही. आपणच लेकीला हे दिलं, असं मनात घेऊन बसेल.

१७ मार्च
सांगून टाकलं. तिच्यापुढे चेहरा लपवणं मला कधी जमलंय!

माझा अंगठा हातात घेऊन कितीतरी वेळ चोळत बसली. मग म्हणाली, "डॉक्टरांना फोन लाव. आधी मला टोचू दे. दुखतं का, ते मी सांगते तुला."