फणशीची कोवळी पानं

२ ऑगस्ट, पार्से
गेटजवळच्या फणशीवर (फणस नव्हे, हे रानझाड) पिवळे सुरवंट, अंगभर निळे-काळे ठिपके. काडीनं डिवचलं की मागच्या पायांवर ताठ उभे राहतात. रुबाब तर बघा! आमचे हे औषध मारायला निघाले होते, मी अडवलं. या सुरवंटांना फणशीचाच पाला लागतो, माझ्या मिरच्यांना तोंडही लावत नाहीत.

१६ ऑगस्ट
झाड पार ओकंबोकं. खाली एक डहाळी तेवढी हिरवी. धाकटे भावोजी पर्वरीहून आले होते. म्हणाले, "झाड मेलां, वयनी. गणपतीची चवथ झाली की कापूया, गाडी आत येतली." अंगण दोघा भावांचं, त्यामुळे ह्यांना एकट्याला नाही म्हणता येईना. पालवी फुटेल, असं मी ठासून सांगितलं खरं. पण खरंच मेलं असेल तर? औषधाला नको म्हणणारी मीच.

२७ ऑगस्ट, चवथ
ह्यांनी ती हिरवी डहाळीच कापून गणपतीवर टांगलेल्या माटोळीला बांधली, आंबाडे आणि माटुळिंगाच्या फळांशेजारी. काय बोलायचं! पूजा चालली असताना डहाळीच्या दुमडलेल्या पानातल्या कोशातून पतंग बाहेर आला. आधी चुरगळलेला, मग हळूहळू पंख सुकले. निळा-जांभळा. भर दुपारी दारातून उन्हात गेला. हा दिवसाच उडणारा, दिव्याकडे फिरकत नाही.
मुलांनी हात जोडले. भावोजी बराच वेळ वर बघत होते. मग म्हणाले, "गणपतीच्या माथ्यारसून गेलो तो. दसऱ्यापर्यंत बघूया. पाना इली तर झाड ऱ्हवांदे."
सुरवंटाचा पतंग होतोच, हे शास्त्र सांगायला तोंड उघडलं होतं, मिटलं. देवाच्या नावावर वाचतंय तर वाचू दे.

१५ सप्टें.
पालवी! शेंड्यापासून खालपर्यंत. हे म्हणाले, जिंकलीस बाई. मला रडूच आलं.

२५ सप्टें.
ऊन चांगलं. पालवीभोवती पतंग. एक मादी पानाखाली पोट टेकवते, उडते, पुन्हा दुसरं पान. उलटून पाहिलं तर बारीक अंडी.
भावोजी दसऱ्याला येणार. तोवर सुरवंट निघाले, पालवी कुरतडायला लागले, तर? यंदा दुसऱ्यांदा कोण ऐकून घेईल? आणि झाड गेलं तर या सुरवंटांना तरी कुठलं घर?
खालच्या फांद्यांची अंडी पुसता येतील. फडकं भिजवून नेलं, एकही अंडं न पुसता तसंच परत आणलं. हे विचारतात, काय झालं. मी फडकं पिळून दोरीवर टाकलं.
दसरा आठवड्यावर आलाय.