मोनोपॉड, त्याचे हेड आणि मावशींचा डावा हात

प्रति,
मा. साहाय्यक संचालक,
हयात पडताळणी विभाग,
निवृत्तिवेतन कार्यालय.

विषय : फिरत्या छायाचित्रण पथकासाठी एक मोनोपॉड (कॅमेऱ्याचा एकपायी दांडा) व एक हेड चालू महिन्याच्या ३१ तारखेपूर्वी मंजूर होण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे याच विषयावरील यापूर्वीचे दोन अर्ज.
२) त्यांपैकी पहिल्या अर्जावरील भांडार शाखेचा शेरा : "उर्वरित दोन पाय कोठे आहेत, याचा खुलासा करावा."

महोदय,

हातातली फाईल घटकाभर बाजूला सारावी, खुर्ची थोडी पुढे ओढावी आणि कान इकडे द्यावा, ही पहिली विनंती. अर्जदाराला गाऊन सांगितलेल्या निरूपणांची लहानपणापासून गोडी. तिथे बुवा आधी श्रोत्यांना जवळ बोलावतात, मग कथा लावतात, आणि देवाजवळ मागायचे ते सगळ्यात शेवटी मागतात. अर्जदारालाही तोच क्रम जमतो. तेव्हा आधी कथा ऐकावी. मागणी तिच्या पोटात आहे.

१. अर्जदार हा आपल्या कार्यालयाचे फिरते छायाचित्रण पथक आहे. पथकाची मंजूर संख्या तीन, हजर संख्या एक. जे निवृत्त कर्मचारी अंथरुणाला खिळले आहेत किंवा जिना उतरू शकत नाहीत, त्यांच्या घरी जाऊन एक उभा फोटो आणि वीस सेकंदांचा आडवा व्हिडिओ घेणे हे काम. व्हिडिओत त्यांनी आपले नाव आणि त्या दिवसाची तारीख सांगून "मी हयात आहे" असे म्हणायचे असते. चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे आणि दोन्ही हात चौकटीत पाहिजेत. वर्षाकाठी एकशे चाळीस माणसे अर्जदारासमोर हे वाक्य म्हणतात. काहींना आधी केस विंचरून हवे असतात. एका निवृत्त शिंपीकाकांनी तर दाराला कडी घालून चहा ठेवला आणि "अर्धा टाकून उठलास तर बघ" असा दम दिला. देवाने पोट भरायला दिलेले काम म्हणून अर्जदाराची तक्रार नाही. दिवसभरात त्याच्याशी जे काही बोलले जाते, ते या घरांतच.

२. अर्जदाराचे वय सत्तावन्न. दोन वर्षांपासून त्याचा उजवा हात कापतो. कॅमेऱ्यात हादरे सावरायची सोय आहे, पण ती बिचारी किती सावरणार!

३. आता ज्यांच्यासाठी हा अर्ज आहे त्यांची ओळख. मावशी टेलिफोन कार्यालयातून निवृत्त झाल्या. वय शहाऐंशी. एकतीस वर्षे त्यांनी लोकांचे फोन एकमेकांना जोडून दिले. चौथ्या मजल्यावर एका खोलीत राहतात, जवळचे कोणी नाही. दारावर येतो तो दूधवाला, तोही कडीला पिशवी लटकावून जिना उतरायला लागतो. त्यांचा मार्च महिन्यातला व्हिडिओ "चेहरा हललेला" म्हणून परत आला. एप्रिलमधलाही तसाच परत आला. आपल्या शिपायाने तो पाहून, "हलतोय म्हणजे जिवंत आहेत की, साहेबांना अजून काय पुरावा हवा?" असे विचारले. सगळे हसले, अर्जदारही हसला. मावशींना मात्र ही बातमी सांगताना त्याची मान वर होईना. मावशी म्हणाल्या, "बरं झालं. म्हणजे परत येशील." त्यांनी पुन्हा तीच निळी साडी काढून उशाशी ठेवली.

४. कार्यालयाकडे कॅमेऱ्याची तिपाई आहे. ती मावशींच्या खोलीत उघडत नाही, कारण पलंग आणि कपाट यांच्यामध्ये जेमतेम दीड फूट जागा आहे. पाय मिटून वापरण्याची भांडारपालांची सूचना अर्जदाराने पाळून पाहिली. मिटलेल्या तीन पायांचा एक जाडजूड खांब झाला, त्याची लांब मूठ कपाटाला अडली आणि कॅमेरा मावशींऐवजी छताच्या पंख्याकडे पाहू लागला. मावशींना इतके हसू आले की त्यांना पाणी द्यावे लागले.

५. म्हणून अर्जदार आपल्या सुट्टीच्या दिवशी कॅमेरा-दुरुस्तीच्या दुकानात गेला आणि तिथल्या कारागिराने काढून दिलेले चार मोनोपॉड दुपारभर उभे करून पाहिले. निष्कर्ष असे. सगळ्यात हलका होता तो पूर्ण लांब केल्यावर वेळूसारखा लवत होता. लांबी पक्की करणाऱ्या खटक्याच्या कुलुपांचा होता त्यात अर्जदाराचे बोट चिमटले, पण पिळायची कुलुपे कापऱ्या हाताने पुरती आवळली जात नाहीत आणि बोलता बोलता कॅमेरा खाली बसतो. सबब चिमटा पत्करून खटक्याचाच घ्यावा. हेडचा, म्हणजे दांडा आणि कॅमेरा यांच्यामधल्या फिरत्या सांध्याचा, प्रश्न जास्त नाजूक. गोळ्याचे हेड फोटोला झटपट, पण व्हिडिओत स्क्रू जरा सैल राहिला की कॅमेरा पेंगुळल्यासारखा एका कुशीवर कलतो. जाड तेल भरलेले व्हिडिओचे हेड लोण्यासारखे फिरते, पण ते चार जिने वर न्यायला जड आणि त्याला पुन्हा तीच लांब मूठ. अर्जदाराला नुसते पुढे-मागे झुकणारे साधे हेड पुरेसे वाटले. डावी-उजवीकडे वळायचे तर सगळा दांडाच वळवता येतो. उभ्या फोटोसाठी कॅमेऱ्याला काटकोनी पट्टी लावली की काम होते. कारागीर म्हणाला, "काका, लग्नांचे शूटिंग करणारेसुद्धा एवढा विचार करत नाहीत." त्यांच्याकडे चूक झाली तर जेवणाची पंगत हलते, मावशींकडे काय हलते हे त्याला कुठे सांगत बसणार?

६. याप्रमाणे अर्ज केला. पहिला अर्ज संदर्भ २ मधील शेऱ्यासह परत आला. खुलासा : मोनोपॉडला जन्मतःच एक पाय असतो. उर्वरित दोन पाय हरवलेले, मोडलेले अथवा अर्जदाराच्या घरी नेलेले नाहीत. दुसऱ्या अर्जावर शेरा आला की, जे साधन कोणी धरल्याशिवाय उभे राहत नाही ते 'आधार' या सदरात खरेदी करता येत नाही. महोदय, आपला विभाग ज्यांच्यासाठी चालतो, त्यांतले किती जण कोणी धरल्याशिवाय उभे राहतात? अर्जदार हे उद्धटपणे विचारत नाही. घरोघर पाहून आला आहे, म्हणून विचारतो.

७. या महिन्याच्या वीस तारखेला कारागिराने एका दिवसासाठी मोनोपॉड व हेड विश्वासावर दिले. अर्जदार ते घेऊन मावशींकडे गेला, दांडा पलंगाला टेकवला, कॅमेरा चढवला. हात कापतच होता. मावशींनी ते पाहिले आणि बसल्या जागेवरून दांडा घट्ट पकडला. "बोलू का आता?" म्हणाल्या. नाव सांगितले, तारीख सांगितली, हयात असल्याचे सांगितले. चित्र दगडासारखे स्थिर आले. दोघांनी मिळून ते तीन वेळा पाहिले. मावशी म्हणाल्या, "मी अशी दिसते होय? बरी दिसते की!"

८. तो व्हिडिओ परत आला. कारण : "लाभार्थ्याचा डावा हात दिसत नाही." डावा हात दांड्यावर होता, चौकटीच्या बाहेर. नियम अर्जदाराला पाठ आहे, त्याच्या लक्षात यायला हवे होते. आले नाही. त्याचे खरे कारण खुलाशाच्या नमुन्यात बसत नाही, तरी लिहितो. अर्जदाराची पत्नी जाऊन सहा वर्षे झाली. पंख्याची कळ, पाण्याचा तांब्या, दाराची कडी, त्याच्या घरात कशालाच दुसरा हात लागत नाही. त्या वीस सेकंदांत तो धरून असलेल्या वस्तूला आणखी कोणीतरी धरले होते. तो त्यातच राहिला, चौकट बघायचे राहून गेले. चूक कबूल आहे.

९. कक्षातील एका सहकाऱ्याने भल्या मनाने सुचवले की, दुसऱ्या एखाद्या बाईचे हात जोडून देऊ, कॉम्प्युटरवर पाच मिनिटांचे काम आहे. अर्जदार देवाला भिऊन असणारा माणूस. जिवंत बाई जिवंत असल्याचा खोटा पुरावा करणे त्याच्याने होणार नाही.

१०. आता मागणी. ३१ तारखेपर्यंत ग्राह्य व्हिडिओ न आल्यास मावशी हयात नाहीत असे गृहीत धरून त्यांचे प्रकरण बंद होईल. आज २७ तारीख. तरी खटक्याच्या कुलुपांचा, तळाशी तीन छोटी पावले असलेला मोनोपॉड (ही पावले आधीच्या मागणीत नव्हती. ती असली की दांडा पायात व खांद्याशी धरून अर्जदार एकटा सावरू शकेल आणि मावशींचे दोन्ही हात मोकळे राहतील), पुढे-मागे झुकणारे साधे हेड आणि काटकोनी पट्टी एवढे मंजूर व्हावे.

हे नियमात बसत नसल्यास मोनोपॉडऐवजी एक माणूस मंजूर करावा. कोणत्याही शाखेचा चालेल. त्याने काही करायचे नाही. भाड्याने आणलेला दांडा वीस सेकंद धरायचा, जमल्यास मावशींशी चार शब्द बोलायचे आणि चहा अर्धा टाकून उठायचे नाही.

माणूसही शिल्लक नसल्यास अर्जदार ३१ तारखेला सकाळी अकरा वाजता जसा आहे तसा, कापऱ्या हातासह जाईल. मावशी निळी साडी नेसून बसलेल्या असतील. त्या विचारतील, "तुझ्या साहेबांना माहीत आहे का रे मी इथे आहे?" अर्जदार हो म्हणेल. म्हणून महोदय, त्या दिवशी अकराच्या सुमारास, जिथे असाल तिथे, त्यांची एकदा आठवण काढावी. अर्जदाराला त्यांच्या तोंडावर खोटे बोलायला लावू नये.

आपला नम्र,
(सही)
छायाचित्रकार, फिरते पथक
दिनांक : २७ मे

सोबत :
१) मार्च व एप्रिलमधील हललेले व्हिडिओ, प्रत्येकी एक.
२) वीस तारखेचा न हललेला व्हिडिओ. कृपया आवाज मोठा करून पाहावा.
३) मावशींच्या डाव्या हाताचा स्वतंत्र फोटो. हात त्यांचाच आहे. फोटो थोडा हलला आहे.