चौतीस पाकिटं लाल सलगम

प्रिय सवाको,

तुमच्या गावची भाजी विकायला ठेवतात त्या हमरस्त्यावरच्या थांब्यावर, वाहनतळाच्या अगदी टोकाला, पाच दिवसांपासून हिरव्या पडद्यांची एक पांढरी मोटरहोम उभी आहे. रोज सकाळी साडेसातला तू तुझ्या छोट्या ट्रकमधून क्रेट उतरवतेस, तेव्हा त्यातला एक पडदा थोडासा हलतो. तो मी हलवते. मी चिहारु, सेंदाईच्या वसतिगृहातली तुझी खोलीसोबतीण.

मोटरहोम म्हणायचं ते कौतुकाने. आई आणि मी आडव्या झालो की छत्री ठेवायलाही जागा उरत नाही. बाबा गेल्यावर आईच एक दिवस म्हणाली, "या भिंती किती दिवस बघू गं? मला समुद्र दाखव, डोंगर दाखव, आणि संध्याकाळी गरम पाण्याचं कुंड मिळालं की माझं काही म्हणणं नाही." ग्रंथालयातली माझी जुनी नोकरी सप्टेंबरात संपली, नवी जानेवारीत सुरू होईल. मग निघालो. निइगाताहून किनाऱ्याकिनाऱ्याने वर येताना रोज एक नवं मासेमारीचं गाव, दोरीवर वाळत घातलेले माकूळ मासे, आणि पहाटे बोटींच्या आवाजाने जाग. मग डोंगर. प्रत्येक थांब्यावर प्रवाशांसाठी ठेवलेला शिक्का आई आठवण म्हणून वहीत उमटवून घेते, अर्धे उलटे उमटवते आणि शिक्क्यालाच नावं ठेवते. स्टोव्हवर भात शिजत असतो, बाहेर धुकं असतं, आई अजून घोरत असते. अशा सकाळी मला वाटतं, एवढं सुख आपल्याला कशाबद्दल मिळालं? तुला माझा स्वभाव ठाऊक आहे, सुखाचीही मी उलटतपासणी घेते.

इथे आलो त्या दिवशी भाजीच्या फळीवर लाल सलगमाच्या आंबटगोड लोणच्याची पाकिटं दिसली. पाकिटावर पिकवणारीचं नाव आणि फोटो. ओबाता सवाको. आडनाव नवं, पण फोटो काढताना डावा डोळा बारीक करायची सवय तीच. मी सहा पाकिटं घेतली. का सहा, विचारू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू दिसलीस, उतरताना डाव्या गुडघ्यावर हात ठेवत होतीस. दार उघडून हाक मारायची हिंमत झाली नाही. तू गेल्यावर फळीवरची आठही पाकिटं घेतली. तिसऱ्या दिवशी पुन्हा आठ, काल बारा. तुझ्या हातचं काही मागे राहू नये असं वाटत होतं, की हाक न मारण्याची भरपाई करत होते, ते मला अजून नीट कळलेलं नाही. आईने पलंगाखालची चौतीस पाकिटं पाहिली आणि म्हणाली, "बावीस वर्षं एका पत्राला उत्तर दिलं नाहीस, आणि आता हे! बाई गं, माझ्या दातांचा तरी विचार करायचास."

तरीही मी गप्प राहून इथून निघून गेले असते. पण काल फळीवर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी होती: "रोज सगळं संपवणाऱ्यांचे मनापासून आभार. उद्याही बारा आणते." गल्ल्यावरच्या कान्नोबाई मला पिशवी देताना म्हणाल्या, "अहो, ओबाताबाई काय खूश आहेत! म्हणतात, येत्या ऑगस्टात वरचा उतारही जाळायचा आणि तिथेही सलगम पेरायचा. मी म्हटलं, आधी आपला गुडघा बघा! तर म्हणतात, लोक एवढे खातायत, मग पेरायला नको?"

लोक म्हणजे मी, सवाको. एकटी मी. ऑगस्टच्या उन्हात तू त्या उभ्या उतारावरची झाडी तोडणार, जाळणार, गरम राखेत बी टाकत खाली येणार, आणि पुढच्या शरदात फळीवर पाकिटं पडून राहणार, कारण तोवर माझी गाडी कधीच निघून गेलेली असेल. हे मनात आलं आणि काल आंघोळीच्या कुंडातही मला स्वस्थ बसवेना. आई म्हणाली, "एक तर जाऊन सांग, नाहीतर पाणी ढवळणं बंद कर."

पण तुझं लोणचं कोणालाच नको आहे असं लिहिणंही खोटं ठरलं असतं. मी फळी रिकामी केल्यावर आलेले लोक हात हलवत गेले असतील, ते मला कुठे माहीत? म्हणून आज मी काहीच घेतलं नाही. पाय बुडवायच्या गरम पाण्याच्या कुंडापाशी बसून दिवसभर फळीकडे पाहत राहिले. आई दोनदा म्हणाली, "पोलीस येतील हं." तुझ्या बारापैकी सात पाकिटं गेली. एका ट्रकवाल्याने दोन घेतली आणि एक तिथेच उभ्याने खाल्लं. हे सात जण, म्हणजे सहाच माणसं, खरी आहेत. उताराचं काय ते त्यांच्याकडे बघून ठरव, माझ्याकडे बघून नको.

हे पत्र मी कान्नोबाईंना तुझ्या रिकाम्या क्रेटमध्ये ठेवायला सांगणार आहे. हिशोब चुकू नये म्हणून ते लिहायला बसले, असं मी आईलाही सांगितलं आणि स्वतःलाही. पण बावीस वर्षांपूर्वी तुझे वडील आजारी पडले म्हणून तू शिक्षण सोडून इथे आलीस आणि मला एका ओळीचं पत्र पाठवलंस: "या वर्षी सलगम काढायला येशील?" तेव्हा मी कोणाची तरी गाडी मागून समुद्रकिनारे पाहत हिंडत होते. परत आल्यावर उत्तर देऊ म्हटलं. मग उशीर झाला, आणि जितका उशीर झाला तितकी लाज वाढली. आज त्याच पत्राचं उत्तर लिहिते आहे: हो, येईन. रबरी बूट आणलेत. निघताना ते गाडीत का टाकले, हे मी आईला सांगितलं नव्हतं, पण तिने तिचेही टाकले होते. उद्या सकाळी पडदा उघडा असेल. काच वाजव. आधी काय बोलायचं ते बोल, मग शेतात घेऊन चल.

तुझीच, अजून तसं म्हणू देत असलीस तर,
चिहारु