बारा तांबे, अळणी श्रावण

ब्राह्मणपुरी, ६ ऑगस्ट २०२५
॥ श्री केदारेश्वर ॥
चि. सौ. निर्मलास सरलाताईचे आशीर्वाद. वि. वि.

सूनबाईला, हेमकांतच्या काजलला, सातवा लागला. दोनदा हातचं गेलं, म्हणून या खेपेला बाळ सुखरूप यावं यासाठी अख्खा श्रावण अळणी धरलाय. शिवाय बारा ज्योतिर्लिंगांचं नाव घेत दिवसाला बारा तांबे पाणी पिते. वहीत रोज बारा रेघा मारते, एकही चुकली नाही. बीपीची ती लघवीची गोळीही चालूच आहे. चार दिवस मळमळतंय, डोकं जड, चालताना भिंत धरते. काल म्हशीला निर्मला म्हणून हाक मारली, तर तुझ्यापेक्षा लवकर आली! हेमकांत खूप हसला. मग मी त्यालाच विचारलं म्हणे, तू कोणाचा रे? मला तर काही आठवत नाही.

माया पातळ करू नकोस.
तुझी ताई

प्रकाशा, ७ ऑगस्ट
ती. सौ. ताईस शिरसाष्टांग.

दूधगाडीवाल्या भिलाच्या हाती पत्र आलं, त्याच्याच हाती उत्तर धाडते. हेमकांतलाही फोन केलाय. म्हशीचं मी मनावर घेत नाही, पण पोटच्या पोराला ओळखलं नाहीस, ते घेतलं. मागच्या साली आमच्या ह्यांचं असंच रक्तातलं सोडियम उतरलं होतं. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. गोळ्या आणि रेघांची वही दाखव. घरी मूठभर मीठ कालवून पिऊ नकोस, ते डॉक्टरांनीच हळूहळू वाढवायचं असतं.

नवस मोडतो म्हणून अडून बसशील, ओळखते तुला. तो मी केदारेश्वराला सांगून माझ्या अंगावर घेतला. बाळ होईतोवर मला गोड बंद. जिलबीवाला सकाळपासून माझी तब्येत विचारी ऱ्हायना, सारखा विचारतोय.

राग धर, पण लोभ सोडू नकोस.
निर्मला

ब्राह्मणपुरी, १५ ऑगस्ट
चि. सौ. निर्मलास आशीर्वाद.

सोडियम एकशे सोळा निघालं, हवं एकशे पस्तीसच्या वर. चार दिवस दवाखान्यात होते. थेंबथेंब सलाईन, दर काही तासांनी रक्त. भराभर वाढवलं तर मेंदूला इजा होते म्हणे. वही पाहून डॉक्टरांनी विचारलं, हे पाणी तुम्ही प्यायलात की कापसाला दिलं? गोळी बदलली, पाणी मोजून दिलं.

घरी आले तरी मिठाचा घास घशाखाली जाईना. तू नवस उचललास, पण देवाने ऐकलं असेल का, हीच धास्ती. शेवटी काजल ताट घेऊन पुढ्यात बसली. म्हणे, आई, बाळले आजी बी जोयजे. बाळाला आजी हवी, हे ऐकून घास घेतला. पोरीने घाबरून खिचडीत मीठ जास्तच टाकलं होतं. तरी मी ताट पुसून खाल्लं.

आहे तोच जिव्हाळा राहू दे.
तुझी ताई सरला