दिवाबत्तीची उधारी

लोटन,

भाकरी टोपलीत झाकून ठेवली आहे, खाऊन घे. मी शाळेत शिकवायला जाते.

सकाळी उमेदमलशेठकडे घासलेट उधार आणायला गेले. त्यांची बोहनी होऊ दिली, गिऱ्हाइकं पांगू दिली, मगच तोंड उघडलं. शेठ हसून म्हणाले, "बाई, तुम्हना भाऊ काल दिवाबत्तीलेच साखर उधार ली गया!" मी घासलेट न घेताच परतले.

दिवे लागल्यावर शेठ सख्ख्या जावयालाही उधार देत नाहीत. तुला दिली, म्हणजे त्यांच्या हातात काहीतरी तारण पडलं असणार. ती साखर आपल्या घरी आलेली नाही. कुणाकडे गेली, ते आज विचारत नाही.

घरी येऊन माझ्या भिंगाची डबी हलवून पाहिली. आत खडखडलं. कॉलेजात बक्षीस मिळालेलं ते भिंग मी कापसात गुंडाळून ठेवते, त्याचा आवाज होत नाही. वजन भासावं म्हणून तू खडा घातला असशील.

शेठकडे जाशील तर दिवाबत्तीची वाट पाहू नकोस; शाळा सुटायच्या आत, दुकानात कुणी नसताना जा. डबी मी अजून उघडलेली नाही. शाळा सुटल्यावर माझ्या वर्गातल्या मुली भिंगातून पानाच्या शिरा बघायला घरी येणार आहेत, तेव्हा त्यांच्यासमोरच उघडेन.

अक्का