गडग्याच्या अलीकडचा सडा

प्रिय अक्का,

काल सड्यावरून खाली आलो, आणि आज तुला पत्र लिहायला बसलोय. पत्र तुला पोचणार नाही हे कळतं मला. पण सांगू कुणाला? घोळ घालून बसलोय तो तुझ्याच नावाने!

पौषात तू गेलीस. मग शाळेने विचारलं, भूगोलाच्या बाईंची आठवण म्हणून काय करावं? मीच पुढे होऊन म्हटलं, झाडं! हल्ली सामाजिक वनीकरणाचे वारे आहेत, नर्सरीत रोपं मिळतात, आणि शाळेमागचं कातळाचं पठार, आपला सडा, उघडाबोडका पडलाय. केवढ्या टाळ्या पडल्या! घरी आल्यावर तुझी भावजय एवढंच म्हणाली, "अहो, वन्सं असत्या तर त्यांना विचारलं असतंत ना?"

"झाडं लावायला काय विचारायचं?" मी म्हटलं.

कातळात आंब्याची कलमं लावायची आपली रीत तुला ठाऊकच आहे. सुरुंगाने खड्डा फोडायचा, खालून माती आणून भरायची, वर शेणखत. मे महिन्यात सड्यावरही तेच केलं; मी स्वतः उन्हात उभा राहून सुरुंग उडवून घेतले. जूनमध्ये ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या. तुझ्या नावाची पाटी रोवली. वाटलं, अक्का बघत असेल!

बघत होतीस का गं? मग एखाद्या खड्ड्यात माझा पाय तरी मोडायचास!

काल गेलो तर रोपं मस्त धरलेली. भोवती गुडघाभर गवत माजलेलं. मनात आलं, श्रावण चालू आहे, मग तुझी सीतेची आसवं कुठे आहेत? ती इवली निळी फुलं? आणि पांढरे गेंद? एक नाही! शोधत शोधत हद्दीच्या गडग्यापाशी आलो आणि त्या दगडांवर चढून पलीकडे पाहिलं. पलीकडे सगळा सडा निळा झाला होता.

तिथे तू आठवलीस, चपला हातात घेऊन मुलींच्या पुढे चालणारी. पुस्तकात वनांचे सदाहरित, पानझडी, काटेरी, खारफुटी एवढेच प्रकार, आणि नकाशात आपल्या जिल्ह्यावर एकच हिरवा पट्टा. तू म्हणायचीस, "रंग मागाहून भरा गो! आधी पायाखाली बघा. माती किती? पाणी किती थांबतं? खार आहे का? मग ठरवा इथे कोण राहतं ते." खाडीच्या चिखलात कांदळ, देवराईत सदाहरित झाडं, डोंगरउतारावर ऐन आणि किंजळ. सड्याला मात्र पुस्तकात घर नव्हतं, तर तू त्याचा वेगळा वर्ग केलास.

"उघड्या कातळाला कसला आलाय वर्ग?" मी तुझी चेष्टा केली होती.

केवढी तडकलीस! "उघडा नाहीये तो, बाळ्या! बोटभर माती, तीपण उपाशी. म्हणून ती निळी फुलं बारीक किडे खाऊन जगतात. पोटभर घातलंस तर गवत माजेल, नि ती मरतील."

हे सगळं मी ऐकलं होतं, अक्का. चहा पीत, मान डोलवत. आणि मी नेमकं पोटभर घातलं. वर कातळ फोडून त्यांचं साचणारं पाणीसुद्धा खाली जिरवलं. तुझा सख्खा भाऊ मी! लाज वाटते गं, आरशात बघवत नाही.

थोडा तुझाही राग येतो. माझ्यासारख्या दगडाला चहावर सांगून काय उपयोग? मुलींसारखं मलाही अनवाणी का नाही नेलंस? बोलवायचीस, कबूल. दरवेळी माझी कलमं आड यायची.

घरी येऊन सांगितलं, तर हिच्या तोंडून निघून गेलं, "वन्संचं नाव लावलंत नि वन्संचाच सडा फोडलात!" मग तिलाच रडू फुटलं.

खरी पंचाईत पुढे आहे. रविवारी शाळेत सभा आहे. गडग्यापलीकडेही वन वाढवायचं घाटतंय. सुरुंगवाल्याला मीच सांगायचं आहे आणि हारही माझ्याच गळ्यात पडणार आहे! मुख्याध्यापक रस्त्यात दिसले की हात जोडतात. यांच्यासमोर तोंड कसं उघडू? खोटं कशाला बोलू, काल वाटलं की ताप आल्याचं सांगून अंथरुणात पडून राहावं. पण मी गप्प राहिलो तर पलीकडचंही जाईल.

नाही राहणार गप्प. शब्द देतो तुला. रविवारी हार घेणार नाही. बाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या याचा विचार केला नाही, ऐकलं होतं तेही विसरलो, असं सरळ सांगेन. मग मुख्याध्यापकांसकट सगळ्यांना चपला काढायला लावून सड्यावर नेईन. हसले तर हसू देत.

बाभळी उपटता येतील. फुटलेला कातळ काही सांधता येत नाही, तेवढा सडा गेलाच. तुझी पाटी मात्र मी उद्याच काढतोय. गडग्यापलीकडे फुलांत लावा म्हणतील, तिथेही लावू देणार नाही. पाटीलाही खड्डा लागतो.

तुझा,
बाळ्या