तीन सेकंद आय कॉन्टॅक्ट

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०
अक्षता काल महाडला गेली. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. पंधरा दिवस घरात मी आणि मैत्री, ऑफिसचं काम घरूनच. रविवारी सोळाला कामोठ्याला मारोतीदादाच्या मुलीचा साखरपुडा. तोपर्यंत मैत्री पाहुण्यांच्या डोळ्यांत बघून, हात जोडून, हसून जय भीम करणार. ठरलं म्हणजे ठरलं.

मागच्या लग्नात दादा चारचौघांत म्हणाला होता, अंकुश, तुझी पोरगी माणसांकडे बघतच नाही, भिंतीकडे बघते. ती सतरा वर्षांची आहे, ऑटिस्टिक आहे, बोलत नाही, हे त्याला माहीत आहे. तरी म्हणाला. मी हसलो होतो.

आता मी तो राहिलो नाही. ऑफिसने बेलापूरला दोन दिवसांचं बॉडी लँग्वेजचं ट्रेनिंग दिलं. सर्टिफिकेट लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलंय. आय कॉन्टॅक्ट किमान तीन सेकंद.

४ फेब्रुवारी
अक्षताने बनवलेला चित्रांच्या कार्डांचा पाऊच कपाटावर ठेवला. पाणी, भूक, बाहेर, दुखतंय, बास. मैत्री कार्ड हातात देते आणि तिचं काम होतं. मग माणसाकडे बघेल कशाला? अक्षताला फोनवर सांगितलं नाही. तिला उगाच टेन्शन.
आय कॉन्टॅक्ट: मैत्री शून्य.

५ फेब्रुवारी. संध्याकाळी
मैत्रीने माझं मनगट धरून कपाटापाशी नेलं. माझाच हात वर ढकलला. हट्ट. मी वितळलो नाही.
शिकवताना ती खिडकीकडे बघून गुणगुणत बसते. अक्षता म्हणते, ती बघत नसते तेव्हाच नीट ऐकत असते. याला शास्त्रीय आधार नाही. ट्रेनिंगमध्ये असं काही नव्हतं.
आय कॉन्टॅक्ट: अर्धा सेकंद. पंख्याकडे असावा.

८ फेब्रुवारी, शनिवार
आज लिहिताना डोळे भरून येतायत. चहा पीत होतो, तर मैत्रीने मसाल्याच्या डब्यातली एक लवंग आणून माझ्या हातावर ठेवली. शिकवून शिकवून माझा घसा बसलाय, ते तिला कळलं. चघळली. खरंच बरं वाटलं. मेथड लागू पडतेय.

१० फेब्रुवारी
आज दोन लवंगा. दोन्ही खाल्ल्या.
मैत्री हाताने गालावर मारून घेत होती. दोन्ही हात धरून ठेवले आणि 'हात खाली' शिकवलं. वीस मिनिटं लागली. शेवटी हात खाली राहिले. भाकरी सोडली, नुसता दहीभात, तोही हळूहळू. टेबल मॅनर्स आपोआप येतायत.
आय कॉन्टॅक्ट: एक सेकंद.

१२ फेब्रुवारी
रजेसाठी मैत्रीला घेऊन ऑफिसात गेलो, धर्मराज साहेबांवर प्रयोग केला. दारात उभं राहून त्यांच्या डोळ्यांत तीन सेकंद बघितलं. साहेबांनी विचारलं, काही हरवलंय का. रजा मागायची राहून गेली. साहेबांना ट्रेनिंगची गरज आहे.
मैत्री: दोन सेकंद. लवंग: आली. खाल्ली.

१४ फेब्रुवारी
अक्षता व्हिडिओ कॉल कर म्हणाली. नेटवर्क नाही म्हणालो. मग म्हणाली, ती हातात काय आणतेय ते तेवढं बघत जा. म्हटलं, खूप प्रगती आहे, येशील तेव्हा बघशील.
मैत्रीचा डावा गाल जरा भरल्यासारखा वाटतो. लाडू खाल्ला असेल. लाडवांचा डबा बघितला नाही. सकाळी बघतो.

१५ फेब्रुवारी
डबा बघायचा राहिला. ड्रेसला इस्त्री केली.

१६ फेब्रुवारी, रविवार. घरी आल्याबरोबर
जमलं. सात माणसं, सातही जणांना हात जोडून, हसून, तीन-तीन सेकंद. डोळ्यांत पाणी सुद्धा. इतक्या भावना तिच्यात आहेत हे मलाच माहीत नव्हतं. दादाने पाठीवर थाप मारली. वहिनी म्हणाली, पोरीचा गाल सुजलाय का. मी म्हणालो, आजकाल खाते छान.
जेवणाच्या पंगतीत मैत्रीने मूठ उघडली. घरून आणलेली लवंग, घामाने ओली. माझ्या हातावर ठेवली. मी सगळ्यांना दाखवून तोंडात टाकली, म्हणालो, पप्पांची किती काळजी. सगळे हसले. मैत्री नाही हसली. हसण्यावर अजून काम करायला लागेल.

१७ फेब्रुवारी
अक्षता दुपारी आली. पायातली चप्पल काढायच्या आत मैत्रीने तिच्या हातावर लवंग ठेवली. अक्षताने खाल्ली नाही. मैत्रीला खिडकीशी नेलं, हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं. मग मलाही दिसलं.
डेंटिस्टने विचारलं, किती दिवस. मी म्हणालो, दोन. त्यांनी आत बघितलं आणि म्हणाले, पू झालाय, आठ-दहा दिवस तरी झाले असतील. मी त्यांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या दातांकडे बघत राहिलो.
रिक्षात मी लवंगांचं सगळं सांगितलं. अक्षता एवढंच म्हणाली, "ती रोज तुमच्या हातावर ठेवत होती. आणि तुम्ही खाल्ली."
घरी येऊन तिने खुर्चीवर चढून पाऊच काढला. 'दुखतंय'चं कार्ड सगळ्यात वर होतं.

१८ फेब्रुवारी
झोप नाही. मागच्या पावसाळ्यात माझी दाढ दुखली तेव्हा चार दिवस दाढेखाली लवंग धरून बसलो होतो. मैत्री शेजारीच होती, भिंतीकडे तोंड करून. मी समजत होतो, तिचं लक्ष नाही.
तिने हात गालाकडे नेला तेव्हा मी तो धरून ठेवला. वीस मिनिटं. वर लिहिलंय, माझ्याच अक्षरात. पान फाडणार होतो. नाही फाडलं. मला लाज वाटते.

१९ फेब्रुवारी. संध्याकाळी
सूज उतरली. पाऊच स्वयंपाकघरातल्या खिळ्याला, तिच्या हाताशी. सर्टिफिकेट उतरवलं. कपाटावर जागा होतीच.
मैत्रीच्या शेजारी जाऊन बसलो. दोघं भिंतीकडे तोंड करून. चुकलो, असं भिंतीला सांगितलं. ती गुणगुणत होती, ती थांबली. माझ्याकडे वळली. हात खाली ठेवले, मी शिकवले तसे. हसली, मी शिकवलं तसं. आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिली. बहुतेक तिला वाटलं, पप्पांना अजून तेच हवंय.
आय कॉन्टॅक्ट: मैत्री तीन सेकंद. मी शून्य.